करमाफीचे ऋण



दीपावलीच्या दिवशी व्यापाऱ्याच्या पेढीवर वहीपूजन होते. नव्या वहीच्या पहिल्या पानावर कुंकवाने स्वस्तिक रेखाटले जाते. परंतु त्या मंगल चिन्हानंतर पहिली नोंद होते ती जुन्या वहीतून पुढे ओढलेल्या बाकीची. येणे किती आणि देणे किती, हे लिहिल्यावाचून नवे वर्ष सुरू होत नाही. संस्थेचा सुवर्णमहोत्सव हाही एका अर्थाने वहीपूजनाचाच दिवस होय. गेल्या पन्नास वर्षांत समाजाने संस्थेला काय दिले, याचे कृतज्ञ स्मरण अशा प्रसंगी आवर्जून केले जाते आणि ते योग्यच आहे. संस्था समाजाचे काय देणे लागते, ही नोंद मात्र बहुधा कोरी राहते. आजच्या व्याख्यानाचा विषय ती कोरी राहिलेली नोंद हाच आहे.

या विषयाचा प्रारंभ एका परक्या देशातील वादाने करावयाचा आहे. ब्रिटनमध्ये खासगी शाळांच्या शुल्कावर कर असावा की नसावा, यावर कित्येक वर्षे वाद चालला आणि अखेर १ जानेवारी २०२५ पासून तेथे हा कर लागू झाला. लंडनच्या शाळांवर कर बसला तर आपल्या गावच्या न्यासाने त्याची चिंता का करावी, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर असे की, ज्या शाळांवर हा कर बसला त्यांपैकी सुमारे निम्म्या शाळा कायद्याने धर्मादाय संस्था आहेत. आपलीही संस्था धर्मादायच आहे. शेजाऱ्याच्या घराला तडा गेला की शहाणा मनुष्य आपल्या भिंतीकडे पाहतो.

सत्तर गरीब मुलांची शाळा

इंग्लंडमधील ईटन या शाळेचे नाव सर्वांनी ऐकलेले असते. राजा सहावा हेन्री याने १४४० साली ती स्थापन केली. सत्तर गरीब विद्यार्थ्यांना विनामूल्य शिक्षण मिळावे, हा तिचा मूळ उद्देश होता. पुढे काळ बदलला. शुल्क देणारे विद्यार्थी येऊ लागले, त्यांची संख्या वाढली आणि ती शाळा राजघराण्यांची व पंतप्रधानांची शाळा म्हणून जगभर प्रसिद्ध झाली. जानेवारी २०२५ मध्ये नवा कर धरून तिचे वार्षिक शुल्क सुमारे ६३ हजार पौंडांवर गेले. रुपयांत सांगावयाचे तर ही रक्कम पासष्ट लाखांहून अधिक होते. ती शाळा आजही काही विद्यार्थ्यांना संपूर्ण शुल्कमाफी देते, हेही न्यायाने सांगितले पाहिजे. तथापि गरिबांसाठी काढलेली शाळा श्रीमंतांची शाळा कशी होते, हे यातून दिसते. कोणी एका दिवशी तसा ठराव केला नाही. प्रत्येक पिढीने दर्जा थोडा उंचावला, खर्च थोडा वाढविला आणि दार थोडे अरुंद केले, इतकेच.

हीच गोष्ट तेथील एकंदर खासगी शाळांच्या बाबतीत आकड्यांनी दिसून येते. लंडनच्या इन्स्टिट्यूट फॉर फिस्कल स्टडीज या अभ्याससंस्थेने जुलै २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार, महागाई वजा करूनही या शाळांचे सरासरी शुल्क २००३ पासून सुमारे ५५ टक्क्यांनी वाढले होते. २०२२-२३ मध्ये ते वर्षाला सुमारे १५,२०० पौंड होते, तर सरकारी शाळांत दर विद्यार्थ्यामागे सुमारे ८,००० पौंड खर्च होत होते. देशातील जेमतेम सात टक्के मुले खासगी शाळांत शिकतात. उरलेल्या त्र्याण्णव टक्के मुलांच्या पालकांनी असा प्रश्न विचारला की, आमच्या मुलांच्या दुप्पट खर्च ज्यांच्यावर होतो, त्यांना करातून सूट कशासाठी?

कर कसा आला

ब्रिटनमध्ये मूल्यवर्धित कर १ एप्रिल १९७३ रोजी लागू झाला. त्या वेळी त्याचा दर १० टक्के होता; २०११ पासून तो २० टक्के आहे. आरंभापासून शिक्षण या करातून मुक्त होते. या मुक्ततेवर टीका करणारे एकाच पक्षात होते असे नाही. २०१७ साली मजूर पक्षाने आपल्या जाहीरनाम्यात हा कर लावण्याचे आश्वासन दिले. त्याच वर्षी विरुद्ध पक्षाचे माजी शिक्षणमंत्री मायकेल गोव्ह यांनीही वृत्तपत्रात लेख लिहून या सवलतीवर प्रश्नचिन्ह उभे केले. ४ जुलै २०२४ च्या निवडणुकीत मजूर पक्ष सत्तेवर आला आणि त्याच महिन्याच्या २९ तारखेस सरकारने घोषणा केली की, १ जानेवारी २०२५ पासून खासगी शाळांचे शिक्षण व वसतिगृह यांच्या शुल्कावर २० टक्के कर लागेल. काही पालक अनेक वर्षांचे शुल्क आगाऊ भरून कर चुकवतील, ही शक्यता ओळखून घोषणेच्या दिवसापासून भरलेल्या आगाऊ शुल्कालाही, ते जानेवारी २०२५ नंतरच्या सत्रांचे असल्यास, कर लागू करण्यात आला. बालवर्ग, शाळेतील भोजन व वाहतूक मात्र करमुक्त राहिली.

दुसरे पाऊल धर्मादाय शाळांपुरते होते. धर्मादाय संस्थांना इमारतींवरील स्थानिक करात ८० टक्के सूट मिळते. स्कॉटलंडने खासगी शाळांची ही सूट २०२२ मध्येच काढून घेतली होती. इंग्लंडने ती १ एप्रिल २०२५ पासून काढली. दोन्ही मिळून २०२९-३० पर्यंत वर्षाला सुमारे १.८ अब्ज पौंड मिळतील, असा सरकारचा अंदाज आहे. हा पैसा सरकारी शाळांसाठी आणि साडेसहा हजार नवे शिक्षक नेमण्यासाठी उपयोगी पडेल, असे सरकारचे म्हणणे होते.

येथे व्यापाऱ्याला सहज समजेल असा एक मुद्दा आहे. कर २० टक्के लागला म्हणून शुल्क २० टक्क्यांनीच वाढले पाहिजे, असे नाही. जो माल करमुक्त असतो त्याच्या खरेदीवर भरलेला कर परत मिळत नाही. तो खर्चातच मुरतो. माल करपात्र झाला की खरेदीवरच्या कराची वजावट मिळू लागते. शाळा करपात्र होताच बांधकाम, संगणक, बाके, वीज यांवर भरलेला कर तिला वजा करता येऊ लागला. म्हणून प्रत्यक्ष भार सुमारे १५ टक्के पडेल, असे वर उल्लेखिलेल्या अभ्याससंस्थेने म्हटले, आणि काही भार शाळा स्वतः सोसतील हे धरून सरासरी वाढ सुमारे १० टक्के होईल, असा सरकारचा अंदाज होता. आपल्याकडे १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर आला, त्यात शाळांचे शिक्षण करमुक्त ठेवले गेले आणि खासगी शिकवणी वर्गांवर १८ टक्के कर लागला. परंतु ‘करमुक्त’ शाळेच्या इमारतीच्या बिलावर भरलेला कर शाळेला परत मिळत नाही, हे प्रत्येक विश्वस्त जाणतो.

दुसरी बाजू

अनेकान्ताची शिकवण ज्यांना बालपणापासून मिळाली आहे, त्यांनी कोणत्याही वादाची एकच बाजू ऐकून निर्णय देऊ नये. कराच्या विरोधात जे बोलले गेले, त्यातही सत्याचा मोठा अंश आहे.

पहिली गोष्ट, खासगी शाळा म्हणजे केवळ ईटन नव्हे. शंभर-दीडशे मुलांच्या, साध्या इमारतीत चालणाऱ्या, एखाद्या धार्मिक समाजाने पदरमोड करून काढलेल्या शाळाही त्यात आहेत. वीस टक्क्यांचा कर लावताना त्या दोहोंत भेद केला गेला नाही. दुसरी गोष्ट, ज्यांच्या मुलांना वाचनाची, एकाग्रतेची वा वर्तनाची विशेष अडचण आहे, असे अनेक पालक सरकारी शाळेत सोय होत नाही म्हणून, ऐपत नसतानाही, खासगी शाळेचा खर्च करतात. ज्या मुलाला स्थानिक शासनानेच अशा शाळेत पाठविले आहे, त्याचा कर शासनाला परत मिळतो. पण जो पालक स्वतःच्या निर्णयाने पाठवितो त्याला ही सवलत नाही. तिसरी गोष्ट, कर जानेवारीत, म्हणजे शैक्षणिक वर्षाच्या मध्यावर लागू झाला. सप्टेंबरमध्ये एका वर्गात बसलेले मूल जानेवारीत शाळा बदलते, तेव्हा त्याच्या मनावर काय होत असेल, हे ताळेबंदात दिसत नाही.

चौथी आणि सर्वांत मूलभूत गोष्ट म्हणजे, विद्या ही विक्रीची वस्तू नव्हे, म्हणून तिच्यावर विक्रीसारखा कर असू नये, हा विचार. युरोपीय संघाच्या नियमांत शिक्षणाला अशी मुक्तता आहे आणि ब्रिटन त्या संघातून बाहेर पडल्यामुळेच त्याला हा कर लावणे सुलभ झाले. ग्रीसने २०१५ साली खासगी शिक्षणावर २३ टक्के कर लावला होता; तो टिकला नाही, मागे घ्यावा लागला. याउलट न्यूझीलंडमध्ये १९८६ साली वस्तू व सेवा कर आला तेव्हापासून शाळांचे शुल्क त्याच्या कक्षेत आहे आणि तेथील खासगी शाळा बंद पडल्या नाहीत.

पालक व शाळा न्यायालयात गेल्या. त्यांत लहान ख्रिस्ती शाळा होत्या, ज्यू कुटुंबे होती, विशेष गरजा असलेल्या मुलांचे पालक होते. लंडनच्या उच्च न्यायालयाच्या तीन न्यायाधीशांनी १३ जून २०२५ रोजी या याचिका फेटाळल्या. निकालाचा आशय थोडक्यात असा की, कोणालाही आपल्या श्रद्धेनुसार शाळा काढण्याचा हक्क आहे. परंतु ती शाळा परवडावी अशी व्यवस्था करण्याचे बंधन सरकारवर नाही, आणि कर कोणावर बसवावा हा प्रामुख्याने संसदेचा प्रश्न आहे.

परिणाम काय झाला? दीर्घ मुदतीत खासगी शाळांतील सुमारे ३७ हजार, म्हणजे सहा टक्के विद्यार्थी कमी होतील, असा सरकारचा अंदाज होता; पहिल्या शैक्षणिक वर्षासाठी तो सुमारे तीन हजारांचा होता. जानेवारी २०२५ च्या अधिकृत गणतीत इंग्लंडच्या खासगी शाळांतील संख्या सुमारे ११ हजारांनी घटलेली आढळली. शाळांनी म्हटले, हा कराचा फटका. सरकारने म्हटले, मुलांचा जन्मदरच घटतो आहे. दोन्ही बाजू आपापल्या परीने आकडे मांडतात. अंतिम हिशेब लागण्यास आणखी काही वर्षे जावी लागतील.

लोकांची सहानुभूती का हरपली

या सर्व वादात एक प्रश्न मात्र विचार करायला लावतो. शिक्षणावर कर ही कल्पना ऐकताच सामान्य मनुष्याला वाईट वाटते. मग ब्रिटनमधील बहुसंख्य लोकांना हा कर योग्य का वाटला? शतकानुशतके चालत आलेल्या धर्मादाय शाळांच्या बाजूने लोक रस्त्यावर का आले नाहीत?

त्याचे कारण त्या शाळांच्या धर्मादायपणातच शोधावे लागते. इंग्लंडमध्ये १६०१ साली राणी एलिझाबेथच्या काळात धर्मादाय कार्यांचा पहिला महत्त्वाचा कायदा झाला. १८९१ साली तेथील सर्वोच्च न्यायपीठाने धर्मादाय कार्याचे चार प्रकार सांगितले: दारिद्र्यनिवारण, शिक्षण, धर्म आणि लोकोपयोगी अन्य कार्य. आपल्या १९६१ च्या प्राप्तिकर कायद्यातील धर्मादाय उद्देशाची व्याख्या याच विचाराच्या वळणाने गेली: गरिबांना साहाय्य, शिक्षण, वैद्यकीय मदत आणि सार्वजनिक उपयोगाची कामे. म्हणजे तेथील शाळा आणि आपला न्यास ही एकाच झाडाची फळे आहेत.

दीर्घकाळ असे मानले गेले की शिक्षण म्हटले की धर्मादाय आलेच. ब्रिटनने २००६ च्या कायद्याने हे गृहीत काढून टाकले आणि म्हटले, लोकहित प्रत्यक्ष दाखविले पाहिजे. २०११ साली तेथील न्यायाधिकरणाने निर्णय दिला की, गरिबांना संपूर्णपणे वगळणारी शाळा धर्मादाय राहू शकत नाही, आणि गरिबांसाठी केलेली सोय नाममात्र असून चालणार नाही. मात्र ती किती असावी हे विश्वस्तांनी ठरवावे. विश्वस्तांच्या विवेकावर इतका विश्वास टाकण्यात आला! काही शाळांनी त्या विश्वासाला जागून मोठ्या शिष्यवृत्त्या निर्माण केल्या. अनेकांनी मात्र आपले मैदान शेजारच्या शाळेला आठवड्यातून एकदा वापरू दिले आणि तेवढ्यात लोकहित साधले असे मानले. कायद्याचे समाधान झाले. लोकांचे झाले नाही. तेरा वर्षांनी लोकांचे प्रतिनिधी सत्तेवर आले आणि त्यांनी सवलत काढून घेतली. कायद्याने दिलेली सवलत कायदा काढून घेऊ शकतो; लोकांच्या मनात असलेली सवलत मात्र कोणी काढून घेऊ शकत नाही. त्या शाळांनी आधी ती दुसरी सवलत गमावली होती.

धर्मादायाचा खरा अर्थ

‘धर्मादाय’ हा शब्द व्यापारी समाजाला इंग्रजांनी शिकविलेला नाही. बाजारपेठेत गाठी-पोत्यांच्या व्यवहारात बिलाखाली ‘धर्मादाय’ म्हणून लहानशी रक्कम आकारण्याची रीत जुनी आहे. त्या पैशातून पांजरपोळ चालले, पाणपोया चालल्या, पाठशाळा चालल्या. ही रक्कम व्यापाऱ्याचे उत्पन्न समजून तिच्यावर प्राप्तिकर लावावा काय, असा प्रश्न एका कापूस गिरणीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयापुढे गेला. न्यायालयाने निर्णय दिला की, ग्राहकाकडून धर्मादाय म्हणून घेतलेला पैसा व्यापाऱ्याचा नव्हेच. तो त्याच्या हाती आला त्या क्षणापासून विश्वस्त म्हणून आला आहे.

करमाफीकडे याच दृष्टीने पाहिले पाहिजे. न्यासाचे उत्पन्न करमुक्त असते, याचा अर्थ जो पैसा सरकारी तिजोरीत जाऊन रस्ता, दवाखाना वा जिल्हा परिषदेची शाळा झाला असता, तो समाजाने न्यासाच्या हाती ठेवला आहे. तो बक्षीस नव्हे, तो धर्मादाय आहे. देणाऱ्यांत रिक्षाचालकही आहे, भाजीविक्रेतीही आहे, कारण न्यासाने न भरलेला कर या ना त्या रूपाने त्यांनाच भरावा लागतो. अशा दात्याचे नाव संगमरवरी फलकावर कोरले जात नाही, परंतु म्हणून त्याचे दान कमी ठरत नाही.

तत्त्वार्थसूत्रात अचौर्य व्रताचे जे अतिचार सांगितले आहेत, त्यांत खोट्या मापांबरोबर ‘विरुद्धराज्यातिक्रम’ हाही एक आहे. राज्याने घातलेली मर्यादा ओलांडून लाभ घेणे, असा त्याचा अर्थ केला जातो आणि करचुकवेगिरी त्यात मोडते असे सांगितले जाते. सवलत घ्यावी आणि ज्या हेतूने ती दिली तो हेतू पुरा करू नये, ही कायद्याच्या भाषेत चोरी नसेल. परंतु व्रताच्या भाषेत तिला काय म्हणावे, याचा विचार प्रत्येकाने सामायिकाला बसल्यावर करावा.

आपल्या घराकडे

आता आपल्या भिंतीकडे पाहू. आपल्याकडे शाळांच्या शुल्कावर कर नाही आणि तसा कर येणार आहे असेही कोणी म्हणत नाही. तथापि वाऱ्याची दिशा ओळखण्यासाठी वादळाची वाट पाहावी लागत नाही. १९ ऑक्टोबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शैक्षणिक संस्थांच्या प्राप्तिकर माफीचा अर्थ अधिक काटेकोर केला. जी संस्था केवळ शिक्षणासाठीच आहे, तिलाच त्या कलमाखालील माफी मिळेल. शिक्षणाच्या ओघात थोडी शिल्लक उरली तर हरकत नाही, परंतु नफा हा हेतू असता कामा नये, असे न्यायालयाने म्हटले. धर्मादाय रुग्णालयांच्या बाबतीत महाराष्ट्रात २००६ पासूनच हिशेब नेमका ठरलेला आहे: १० टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांना सवलतीच्या दराने. रुग्णालयाला जे लागू झाले, ते शाळेला कधीच लागू होणार नाही, असे समजण्यास आधार नाही.

शाळांसाठी दुसरा मार्ग संसदेने निवडला. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने विनाअनुदानित खासगी शाळांच्या प्रवेशवर्गातील २५ टक्के जागा दुर्बल व वंचित घटकांतील मुलांसाठी राखल्या. २७ जानेवारी २०१४ रोजी जैन समाजाला राष्ट्रीय पातळीवर अल्पसंख्याक म्हणून मान्यता मिळाली. त्यानंतर शंभर दिवसांच्या आत, ६ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने निर्णय दिला की, शिक्षणहक्क कायदा अल्पसंख्याकांच्या शाळांना लागू होत नाही. या निर्णयानुसार जैन अल्पसंख्याक शाळा २५ टक्क्यांच्या बंधनातून मुक्त ठरल्या. १ सप्टेंबर २०२५ रोजी त्याच न्यायालयाच्या दोन न्यायाधीशांनी २०१४ च्या या निर्णयाबद्दल शंका व्यक्त करून तो प्रश्न मोठ्या पीठापुढे जावा म्हणून सरन्यायाधीशांकडे पाठविला. न्यायालय काय ठरवील ते ठरवो. त्याआधी आपला समाज काय ठरवितो, हा खरा प्रश्न आहे.

अल्पसंख्याक दर्जा आपली संस्कृती, भाषा, धर्म व शिक्षणसंस्था यांच्या रक्षणासाठी मिळाला. गरिबाच्या मुलासाठी दार बंद करण्याची मुभा म्हणून तो वापरला गेला, तर ईटनच्या वाटेवरचे पहिले पाऊल पडले असे समजावे. त्या वाटेवर पहिले पाऊल टाकताना कोणालाही आपण चुकत आहोत असे वाटत नाही.

कोणी म्हणेल, न्यासाचे लेखापरीक्षण दरवर्षी होते, उत्पन्नाचे ८५ टक्के उद्दिष्टावर खर्च होतात, मग आणखी हिशेब कसला? या आकड्याने पैसा शाळेवर खर्च झाला हे कळते. शाळा कोणासाठी चालली हे त्यातून कळत नाही. जेथे लक्षाधीशांचीच मुले शिकतात अशा शाळेचा ताळेबंदही शंभर टक्के निर्दोष असू शकतो.

म्हणून सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने एक साधी सूचना मांडावीशी वाटते. संस्थेच्या वार्षिक अहवालात एक पान ‘सवलतीचा हिशेब’ म्हणून असावे. त्याच्या डाव्या बाजूस, त्या वर्षी संस्थेला मिळालेल्या सर्व करसवलतींची रक्कम लिहावी. उजव्या बाजूस, त्या वर्षी किती मुले विनामूल्य वा सवलतीत शिकली, त्यांपैकी समाजाबाहेरील किती, आणि त्यांच्यावर किती रुपये खर्च झाले, ते लिहावे. मुलांची नावे कोठेही छापू नयेत. गुप्तदानाचा संस्कार येथे घेणाऱ्याच्या मानासाठी पाळावा. उजवी बाजू डावीपेक्षा कमी भरली, तर तेवढी बाकी पुढील वर्षाच्या वहीत ओढावी.

हे परवडेल काय, अशी शंका रास्त आहे. एक उदाहरण घेऊ. पाचशे मुलांची शाळा आहे आणि दर मुलामागे वार्षिक खर्च व शुल्क तीस हजार रुपये आहे. पंचवीस मुले, म्हणजे पाच टक्के, विनामूल्य घेतली तर साडेसात लाख रुपये लागतात. उरलेल्या ४७५ पालकांवर ते वाटले तर प्रत्येकी वर्षाला सुमारे १,५८० रुपये, म्हणजे महिन्याला १३२ रुपये पडतात. गाठीमागे धर्मादाय द्यावा तसेच हे आहे. परंतु २५ टक्के मुले घ्यावयाची, तर साडेसदतीस लाख रुपये लागतात आणि उरलेल्या ३७५ पालकांवर प्रत्येकी दहा हजारांचा बोजा पडतो. तो मध्यमवर्गीय पालकाला झेपणारा नाही, हे प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. म्हणून आरंभ पाच टक्क्यांनी करावा आणि पुढची वाढ दात्यांच्या कायम निधीतून व्हावी. प्रतिष्ठा महोत्सवाची बोली लावताना ज्या समाजाचा हात आखडत नाही, त्याला हा निधी उभारणे अवघड जाऊ नये. आहार, औषध, अभय या दानांबरोबर ज्ञानदानही आपल्याकडे सांगितलेले आहे.

कुंभोजचा मुलगा

समारोप करताना आपल्याच समाजात जन्मलेल्या एका पुरुषाचे स्मरण करणे उचित ठरेल. १८८७ साली कोल्हापूर जिल्ह्यातील कुंभोज येथे एका जैन कुटुंबात भाऊराव पाटील यांचा जन्म झाला. शिक्षणासाठी ते कोल्हापूरच्या जैन वसतिगृहात राहिले. अस्पृश्य मानल्या गेलेल्या मुलांच्या वसतिगृहाच्या समारंभाला ते गेले, परतल्यावर शुद्धीसाठी स्नान करण्यास त्यांनी नकार दिला, आणि त्यांना जैन वसतिगृह सोडावे लागले. समाजाने बांधलेल्या वास्तूचे दार समाजाच्याच एका मुलाला बंद झाले, कारण त्याला ते दार सर्वांसाठी उघडे हवे होते. हे स्मरण आपल्याला सुखाचे नाही. पण वहीत नको असलेली नोंद खोडता येत नसते.

त्याच मुलाने १९१९ साली कराड तालुक्यातील काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली. पुढे साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांसाठी वसतिगृह काढले. १९२७ साली महात्मा गांधींच्या हस्ते त्याचे नामकरण झाले. मुलांच्या पोटासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी अंगावरचे दागिने मोडले. ज्यांच्याजवळ शुल्क नव्हते त्यांनी श्रम करून शिकावे, अशी सोय कर्मवीरांनी केली. महाराष्ट्रात रयतेच्या शाळेकडे पाहून कोणी तिच्या सवलतीचा हिशेब मागत नाही. तो हिशेब खेड्याखेड्यांत शिकून उभ्या राहिलेल्या माणसांच्या रूपाने लोकांसमोर चालता-बोलता आहे.

ईटन सत्तर गरीब मुलांपासून निघाले आणि कोठे पोहोचले, हे आपण पाहिले. कर्मवीर एका बंद दारापासून निघाले आणि कोठे पोहोचले, हेही आपण पाहिले. पन्नास वर्षे पूर्ण करून आपली संस्था आज ज्या वळणावर उभी आहे, तेथून दोन्ही वाटा जातात. एकावन्नाव्या वर्षाची वही उघडताना स्वस्तिकाखाली पहिली ओळ कोणती लिहावयाची, हे विश्वस्तांनी आणि सकल समाजाने मिळून ठरवावे.

जय जिनेंद्र!